जुन्या कॉन्सर्टिनांची ओळख आणि कालनिश्चिती

कॉन्सर्टिना हे दोन्ही हातांत धरून वाजवायचे, बहुधा षट्कोनी आकाराचे भात्याचे वाद्य आहे. हार्मोनियमप्रमाणे यातही हवेच्या दाबाने धातूची रीड कंप पावून स्वर निर्माण होतो. चार्ल्स व्हीटस्टन यांनी इंग्लंडमध्ये हे वाद्य विकसित केले व १८४४ मध्ये त्याचे पेटंट घेतले. जर्मनीत कार्ल फ्रीड्रिख उलिख यांनी १८३४ च्या सुमारास केम्निट्स येथे स्वतंत्र पद्धतीची कॉन्सर्टिना तयार केली. जुन्या वाद्याचा निर्माता व काळ ठरविताना लेबल, अनुक्रमांक आणि अंतर्गत रचना यांचा एकत्रित विचार केला जातो.

लेबल

इंग्लिश कॉन्सर्टिनांच्या जाळीदार बाजूंवर बहुधा एकीकडे नाव व दुसरीकडे अनुक्रमांक असतो. लेबलावरील पत्ता काळाची मर्यादा दर्शवितो. व्हीटस्टन कंपनी लंडनमधील २० कॉन्ड्यूइट स्ट्रीट येथून विसाव्या शतकाच्या आरंभी १५ वेस्ट स्ट्रीट येथे गेली. त्यामुळे दुसरा पत्ता असलेले वाद्य एकोणिसाव्या शतकातील असू शकत नाही.

केवळ नावावर मात्र विसंबता येत नाही. अनेक विक्रेते दुसऱ्यांनी बनविलेल्या वाद्यांवर स्वतःचे लेबल लावीत. लुई लाशेनाल यांचे १८६१ मध्ये निधन झाले, तरी त्यानंतरही काही वर्षे त्यांच्या नावाची लेबले वापरात होती. 'लाशेनाल आणि कंपनी' हे लेबल त्यापुढील काळातील होय.

अनुक्रमांक

व्हीटस्टन कंपनीच्या अनेक नोंदवह्या लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयात आहेत. त्यांतील नोंदीशी अनुक्रमांक जुळल्यास वाद्याची तारीख बरीच अचूक कळते. मात्र मधल्या काही वर्षांच्या वह्या उपलब्ध नाहीत. लाशेनाल वाद्यांसाठी अशा नोंदवह्या उरलेल्या नसल्याने अनुक्रमांकावरून केवळ अंदाज बांधता येतो. जेफ्रीझ यांच्या वाद्यांवर सामान्यतः अनुक्रमांक नसतो. तेथे धातूच्या बाजूवर कोरलेले नाव, पत्ता व बांधणी हेच आधार ठरतात.

अंतर्गत रचना

इंग्लिश बांधणीत प्रत्येक रीड स्वतंत्र पितळी चौकटीत असून ती चौकट लाकडी फळीतील खाचेत सरकवून बसविलेली असते. जुन्या जर्मन वाद्यांत अनेक रीड एकाच लांब पट्टीवर जोडलेल्या आढळतात. त्यामुळे लेबल नसले तरी या दोन परंपरा वेगळ्या ओळखता येतात. लाशेनाल वाद्यांतील तरफ सहसा आकड्याने अडकविलेली, तर जेफ्रीझ यांच्या वाद्यांतील रिव्हेटने जोडलेली असते. आरंभीच्या इंग्लिश वाद्यांत पितळी रीड सर्रास आढळतात. पुढे पोलादी रीड अधिक प्रचलित झाल्या.

मर्यादा

दुरुस्तीत भाता, बटणे किंवा रीड बदललेल्या असू शकतात. पुन्हा स्वरमेळ केलेला असल्यास मूळ पट्टीही कळत नाही. इंग्लिश वाद्यांत अनुक्रमांक अनेकदा आतील सुट्या भागांवरही छापलेला असतो. हे आकडे न जुळल्यास वाद्य एकाहून अधिक वाद्यांच्या भागांतून जोडलेले असण्याची शक्यता असते. अशा वेळी बाहेरील लेबलाची तारीख संपूर्ण वाद्याला लागू करता येत नाही. म्हणून खरेदीपूर्वी किंवा संग्रहात नोंद करण्यापूर्वी जाणकाराकडून वाद्य उघडून तपासले जाते.