कोण बोलतंय? नकोशा फोनचा इतिहास (धागा)

१/ भारतात १९९५ साली मोबाइल सेवा सुरू झाली, तेव्हा येणाऱ्या कॉलचेही पैसे मोजावे लागत. म्हणजे एखाद्या अनोळखी माणसाने निव्वळ छळण्यासाठी फोन केला आणि तो उचलला गेला, तर त्याचे बिल छळ सोसणाऱ्याच्याच नावे येई. २००३ मध्ये ही पद्धत बदलली. परंतु नकोशा फोनच्या इतिहासात ती अपवाद नव्हती. अशा कॉलची किंमत, कधी पैशांत तर कधी मनस्तापात, बहुतेक काळ फोन घेणाऱ्यानेच चुकवली आहे. असे का घडले, याचा हा धागा.

२/ आरंभी निनावी फोन करणे सोपे नव्हते. अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांना १८७६ मध्ये दूरध्वनीचे पेटंट मिळाले आणि १८८२ च्या जानेवारीत कलकत्ता, मुंबई व मद्रास येथे एक्स्चेंज सुरू झाली. रिसीव्हर उचलला की प्रथम ऑपरेटरशी बोलावे लागे. कॉल कोणत्या तारेवरून येतो आहे, हे ऑपरेटरसमोरच्या फलकावर दिसे. फोन करणारा इतरांना अनोळखी असला, तरी एक्स्चेंजला अनोळखी नसे.

३/ या व्यवस्थेचा तोटाही उघड होता: ऑपरेटरला मनात आणले तर सारे संभाषण ऐकता येई, कॉल भलतीकडे वळवताही येई. अमेरिकेतील कॅन्सस सिटीत अल्मन स्ट्राउजर नावाचे अंत्यसंस्काराचा व्यवसाय करणारे गृहस्थ होते. आपली गिऱ्हाइके ऑपरेटर प्रतिस्पर्ध्याकडे वळवते, असा त्यांना संशय होता, अशी कथा सांगितली जाते. १८९१ मध्ये त्यांनी स्वयंचलित स्विचचे पेटंट मिळवले. १८९२ मध्ये इंडियाना राज्यातील ला पोर्ट येथे अशा यंत्रणेवरचे पहिले एक्स्चेंज सुरू झाले.

४/ भारतातील पहिले स्वयंचलित एक्स्चेंज १९१३-१४ च्या सुमारास सिमल्यात आले. डायल फिरवला की मध्ये कोणीही माणूस न येता फोन लागू लागला. संभाषणाला खासगीपणा मिळाला. पण त्याच क्षणी छळणाऱ्यालाही अंधार मिळाला. ज्या यंत्राने ऑपरेटरचे कान दूर केले, त्यानेच साक्षीदारही दूर केला.

५/ अशा कॉलचा माग काढणे जिकिरीचे असे. जुन्या यांत्रिक एक्स्चेंजमध्ये कॉलची नोंद कोठेही उमटत नसे. जोडणी चालू असेतोवर तंत्रज्ञाने एकेका स्विचवरून उलट दिशेने मागे जायचे, हाच मार्ग होता. त्यासाठी तक्रारदाराने नकोसे बोलणे ऐकत राहायचे आणि फोन ठेवायचा नाही! पुरावा मिळवायचा तर छळ आणखी काही मिनिटे सोसणे भाग होते.

६/ कायदा मात्र दूरध्वनीच्याही आधीचा होता. १८६० च्या भारतीय दंड संहितेतील कलम ५०७ निनावी संदेशाद्वारे धमकी देण्याला शिक्षा सांगत असे, तर कलम ५०९ स्त्रीच्या विनयाचा अपमान करणारे शब्द, आवाज वा हावभाव यांना. ही कलमे लिहिली गेली तेव्हा बेल तेरा वर्षांचे होते. पुढे १९५१ च्या भारतीय तार नियमांतील नियम ४२७ ने फोनवरून कोणाला त्रास देणे वा अश्लील बोलणे निषिद्ध ठरवले आणि आपल्या फोनच्या वापराची जबाबदारी ग्राहकावर टाकली.

७/ नियम होते. पण फोन करणारा कोण हेच कळत नसल्याने व्यवहारात सल्ला मिळे तो फोन घेणारीलाच. अमेरिकेत एकट्या राहणाऱ्या अनेक स्त्रिया डिरेक्टरीत पूर्ण नावाऐवजी आद्याक्षरे छापून घेत, म्हणजे नावावरून त्या स्त्रिया आहेत हे कळू नये. आपल्याकडचे उपाय परिचितच आहेत: ‘ब्लँक कॉल’ आला की घरातल्या पुरुषाने फोन घ्यावा, आणि ते थांबलेच नाहीत तर नंबर बदलून घ्यावा.

८/ अमेरिकेत १९६८ मध्ये अश्लील व छळणाऱ्या कॉलविरुद्ध संघराज्याचा कायदा झाला. १९८७ मध्ये न्यू जर्सीत कॉल करणाऱ्याचा नंबर पडद्यावर दाखवणारी ‘कॉलर आयडी’ सेवा आली. ग्रीक-अमेरिकन संशोधक थिओडोर पॅरास्केवाकोस यांनी तिच्या तंत्राचा पाया आधीच घातला होता. आता प्रश्न सुटला, असे वाटावे; पण झाले उलटेच.

९/ विरोध करणाऱ्यांत स्त्रियांच्या आश्रयगृहांसाठी काम करणारेही होते. मारहाण करणाऱ्या नवऱ्यापासून लपलेल्या स्त्रीने मुलांची चौकशी करायला घरी फोन केला, तर तिचा ठावठिकाणा उघड होणार होता. पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये ही सेवा राज्याच्या कायद्याविरुद्ध ठरवली. पुढे देशभर नंबर दाखवायचा की लपवायचा, हे प्रत्येक कॉलला ठरवण्याची सोय द्यावी लागली. निनावीपणा छळणाऱ्याची ढाल असतो, तसा पीडितेचाही.

१०/ भारतात नंबर दिसू लागला, तोवर गल्लोगल्ली एसटीडी-पीसीओचे पिवळे फलक झळकत होते. बूथवरून आलेल्या कॉलचा नंबर दिसला तरी त्यातून दुकान कळे, माणूस नव्हे. मोबाइल आल्यावर नवी वाट निघाली. उत्तर प्रदेशात रिचार्जची काही दुकाने मुलींचे नंबर विकत असल्याचे २०१७ च्या आरंभी वृत्तपत्रांनी उघड केले. दिसण्यावरून भाव ठरत: ५० ते ५०० रुपये.

११/ त्याच राज्यात २०१२ च्या नोव्हेंबरात लखनौहून ‘१०९०’ ही हेल्पलाइन सुरू झाली होती. तक्रार महिला पोलीसच घेत, तक्रारदाराचे नाव गुप्त राही, तिला ठाण्याची पायरी चढावी लागत नसे. पोलीस थेट कॉल करणाऱ्याला फोन लावून समज देत. तंत्र साधेच होते. पण प्रथमच नंबर बदलण्याची वेळ तिच्यावर न येता जाब त्याला द्यावा लागला. २०१३ मध्ये दंड संहितेत पाठलागाविषयीचे कलम ३५४-ड आले. स्त्रीने स्पष्ट नापसंती दाखवल्यावरही पुरुषाने वारंवार संपर्क साधणे हा आता स्वतंत्र गुन्हा झाला. आज भारतीय न्याय संहितेत ते कलम ७८ आहे.

१२/ जाहिरातींच्या कॉलची गोष्ट मात्र जुन्याच वळणाने गेली. ट्रायने २००७ मध्ये ‘डू नॉट कॉल’ नोंदवही आणली. २०१० व २०१८ मध्ये नियम कडक केले. तरीही मूळ रचना पाहण्यासारखी आहे: नको असल्यास ग्राहकाने १९०९ वर कळवायचे. म्हणजे मौन ही संमती, आणि नकाराची खटपट पुन्हा फोन घेणाऱ्याकडे.

१३/ २००९ मध्ये स्वीडनमध्ये जन्मलेले ट्रूकॉलर भारतात घरोघरी पोहोचले. ते अनोळखी नंबरमागचे नाव सांगते, तसेच एखाद्या स्त्रीचे नाव अनोळखी माणसालाही सांगू शकते. फेब्रुवारी २०२४ मध्ये ट्रायने सिमच्या अर्जावरील नाव कॉलसोबत दाखवण्याची शिफारस केली. पेनसिल्व्हेनियातला वाद त्यामुळे आपल्या दारी आला आहे.

१४/ ऑपरेटरचा फलक, कॉलर आयडी, ट्रूकॉलर: ‘कोण बोलतंय?’ या प्रश्नाचे उत्तर यंत्राने वेळोवेळी दिले. पण त्रास थांबवण्याची जबाबदारी कोणाची, हे यंत्र ठरवत नाही. ते नियम आणि समाज ठरवतात. म्हणून नव्या सोयीची चर्चा होईल तेव्हा दोन प्रश्न विचारावेत: छळणाऱ्याला याने अडचण होते का? आणि लपणे ज्याच्या जिवाच्या रक्षणासाठी आवश्यक आहे, त्याला लपता येते का?

(धागा समाप्त)