कुत्र्याचा खुबा आणि क्ष-किरण

पाळीव प्राण्यांच्या दवाखान्यातलं एक्स-रे मशीन म्हणजे माणसांच्या इस्पितळातून उतरून आलेली वस्तू, असा सर्वसाधारण समज आहे. यंत्रापुरता तो खरा, विद्येपुरता नाही. विल्हेल्म राँटगेनने नोव्हेंबर १८९५ मध्ये क्ष-किरण शोधले आणि पुढच्याच वर्षी बर्लिनचे रिचर्ड एबरलाइन यांच्यासारखे पशुवैद्य घोड्याच्या पायाच्या खटपटीला लागले. पहिला मान घोड्याचा, यात नवल नाही. तोफा आणि ट्राम ओढणारा घोडा लंगडला की कामच अडे. पण त्या काळच्या नळीची ताकद तोकडी, चित्र उमटायला वेळ फार, आणि तेवढा वेळ घोडा स्वस्थ कुठला उभा राहायला? त्याच्या जाडजूड धडातून किरण धड पलीकडे जातच नसत. तपासणी पायाच्या खालच्या भागातच अडकून राहिली. कुत्रा मात्र टेबलावर निजवता येणारा, बराचसा माणसाच्या मापात बसणारा. मोटारींनी घोड्याला रस्त्यावरून हटवलं, शहरातल्या पशुवैद्याच्या टेबलावर कुत्रा आला, आणि या विद्येला तिचा खरा विषय सापडला.

तो विषय म्हणजे खुबा. बॉस्टनच्या एंजेल मेमोरियल प्राणी-रुग्णालयातल्या गेरी श्नेल यांनी १९३५ मध्ये लिहिलं की काही कुत्र्यांचे दोन्ही खुबे उखळीत नीट बसलेलेच नसतात. आज हिप डिस्प्लेसिया म्हणतात तो हाच विकार. त्याची खोच अशी की असा कुत्रा कित्येकदा वर्षानुवर्षं पळतो-खेळतो, आणि दोष दिसतो तो फक्त फिल्मवर. तोही फिल्म नीट काढली तरच. कुत्र्याला उताणं निजवायचं, मागचे दोन्ही पाय सरळ ओढून समांतर धरायचे, गुडघे आत वळवून वाट्या बरोबर मधोमध आणायच्या. कंबर जराशी कलली तरी एक उखळी खोल दिसते नि दुसरी उथळ, आणि चांगला सांधा वाईट ठरतो. १९६६ मध्ये जॉन ऑलिन यांच्या पुढाकाराने अमेरिकेत ‘ऑर्थोपेडिक फाउंडेशन फॉर अ‍ॅनिमल्स’ उभी राहिली. तिच्याकडे आलेली खुब्याची फिल्म तीन तज्ज्ञ स्वतंत्रपणे पाहतात आणि सातांपैकी एक श्रेणी ठरते. कायमच्या दाखल्यासाठी कुत्रा २४ महिन्यांचा झालेला असावा लागतो. माणसाचा डॉक्टर विचारतो, या रोग्याला दुखतंय कुठे? इथे विचारलं गेलं की या धडधाकट कुत्र्याची पिल्लं निपजवावीत का. माझ्या मते पशुवैद्यकाच्या या शाखेचं स्वतःचं असं काही असेल, तर ते या प्रश्नात आहे.

यावर कोणी म्हणेल, प्रश्न काहीही असो, सोनोग्राफी नि सीटी स्कॅन तरी माणसांसाठीच झाले ना? झाले. पण गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांनी १९७१ मध्ये पहिल्या माणसाचं डोकं सीटीत ठेवलं, त्याआधी कत्तलखान्यातून आणलेल्या बैलाच्या मेंदूवर यंत्र पारखून घेतलं होतं. देणं एकतर्फी नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. तपासणी ऐच्छिक, वाईट दिसणारी फिल्म मालक पाठवतच नाहीत. शिवाय फिल्म आणि लंगडणं यांचा मेळ नेहमी बसत नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि श्रेण्यांच्या आकड्यांवरून रोग किती हटला हे मोजू पाहणाऱ्याची त्यामुळे फसगत होते. पण ही उणीव ओळखून उपाय शोधला तोही पशुवैद्यकानेच. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या गेल स्मिथ यांनी १९८३ पासून निराळी वाट धरली. भूल दिलेल्या कुत्र्याचे खुबे हलक्या जोराने उखळीबाहेर ताणून सांध्याचा सैलपणाच मोजायचा, आणि तोही १६ आठवड्यांच्या पिल्लातसुद्धा. पाय सरळ ओढले की सांध्याभोवतालचं आवरण पिळलं जातं आणि सैलपणा झाकला जातो, हे त्यांनी दाखवून दिलं. जुन्या फिल्मची चूक नव्या फिल्मने पकडली.

लॅब्रडोर आणि जर्मन शेफर्ड या दोन्ही जातींत हा विकार नेहमी आढळतो, आणि त्या आपल्याकडे घरोघरी पाळल्या जातात. पिल्लू घ्यायला जाल तेव्हा विकणाऱ्याकडे वंशावळीच्या कागदासोबत आई-बापाच्या खुब्यांची फिल्मही मागा.