दोन कागद, दोन पेट्या

खिशात मोबाइल चाचपू नका, तो नाही. अंगात मांजरपाटाचा सदरा आहे, डोक्यावर टोपी आहे आणि कालपर्यंत तुम्ही चौथीच्या पोरांकडून पाढे घोकून घेत होता. साल १९५२, महिना जानेवारी. गिरणगावातल्या एका म्युनिसिपल शाळेत तुमची निवडणुकीची ड्यूटी लागली आहे. बाहेर रात्रपाळी संपवून आलेले गिरणी कामगार घरी न जाता थेट रांगेत येऊन उभे आहेत.

दार उघडण्याआधी केंद्राध्यक्ष एकेक पेटी उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर उलटी करून दाखवतात. "बघून घ्या, रिकामी आहे. मागाहून तक्रार नको." पेट्या पोलादी आहेत. देशभरासाठी अशा लाखो पेट्या इथे मुंबईतच, विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात बनल्या. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, तिच्यावर त्याचं चिन्ह डकवलेलं: बैलजोडी, झाड, हत्ती, कणीस-विळा. देशात १७ कोटींवर मतदार आणि त्यांतल्या बहुतेकांना लिहिता-वाचता येत नाही, म्हणून मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्या आयोगाने ही तोड काढली. मतदाराने काही लिहायचं नाही, खूण करायची नाही. नाशिकला छापलेली, एक रुपयाच्या नोटेएवढी मतपत्रिका घ्यायची, पडद्याआड जायचं आणि हव्या त्या चिन्हाच्या पेटीत टाकून यायचं.

ऐकायला सोपं आहे. पण हा मुंबई शहर उत्तर मतदारसंघ. इथून लोकसभेवर दोघं जाणार, एक सर्वसाधारण जागेवर आणि एक अनुसूचित जातींसाठी राखीव जागेवर. म्हणून प्रत्येक मतदाराला दोन मतं आणि दोन कागद. मात्र दोन्ही मतं एकाच उमेदवाराला देता येत नाहीत. हे समजावून सांगायचं काम तुमच्या टेबलावर येऊन पडलं आहे.

"एक कागद एका पेटीत, दुसरा दुसऱ्या पेटीत. एकाच पेटीत दोन्ही नाही टाकायचे. पुढं चला."

अकरा वाजेपर्यंत हे वाक्य तुम्ही इतक्या वेळा म्हटलं आहे की घसा बसला. शाळेच्या माठातलं पाणीही संपत आलं.

शेजारच्या टेबलावर यादी अडते. काष्टा घातलेली एक बाई, कडेवर पोर. "नवऱ्याचं नाव सांगा, बाई." ती गप्प. कारकून पुन्हा विचारतो. मागच्या बायका हसतात, पण नाव कोणी घेत नाही. शेवटी ती पोराला ढोसते, "सांग रं, तुझ्या बाचं नाव." पोरगं खणखणीत आवाजात नाव सांगतं, कारकून यादीवर बोट टेकवतो, तिच्या डाव्या हाताच्या तर्जनीला शाई लागते. ही बाई नशीबवान म्हणायची. यादी करायला आलेल्यांना उत्तरेकडच्या कितीतरी बायकांनी स्वतःचं नाव सांगितलंच नाही. नुसतं 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई'. सेन यांनी तशा नोंदी चालवून घेतल्या नाहीत आणि देशभरात सुमारे २८ लाख स्त्रियांची नावं यादीतून गळाली.

दुपारी एक म्हातारे बाबा तुमच्यासमोर येतात. दोन्ही कागद हातात धरून उलटसुलट बघतात.

"मास्तर, दोन्ही एकालाच टाकले तर त्याचं जास्त भलं न्हाई का व्हायचं?"

"नाही बाबा. त्यातलं एकच धरतील. दुसरं बाद."

"म्हंजी फुकट?"

"फुकट."

"मग दुसरं कुणाला द्यावं?"

भिंतीला टेकून डुलक्या घेणारे सगळे प्रतिनिधी एकदम ताठ बसतात. समाजवाद्यांचा माणूस तुमच्या ओठांकडे बघतोय, काँग्रेसवाला बघतोय, शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनवाला बघतोय. आणि तुम्हाला तर पुढचं सगळं ठाऊक आहे. ज्या माणसाने घटनेचा मसुदा करणाऱ्या समितीचं अध्यक्षपद सांभाळलं, ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर इथे राखीव जागेवर हत्ती चिन्ह घेऊन उभे आहेत. ते काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांकडून सुमारे १४ हजार मतांनी हरणार आहेत. या एका मतदारसंघात ७४,३३३ मतं बाद ठरणार आहेत. मतदारांना दुसरं मत मुद्दाम वाया घालवायला शिकवलं गेलं, अशी तक्रार घेऊन आंबेडकर आणि सर्वसाधारण जागेवरचे समाजवादी उमेदवार अशोक मेहता निवडणूक अर्ज करणार आहेत, आणि तो फेटाळला जाणार आहे.

हे सगळं जिभेवर आहे. पण तुम्ही एवढंच म्हणता, "ते तुमचं तुम्ही ठरवायचं, बाबा."

आज तुमची खरी परीक्षा हीच. नियम शंभरदा सांगायचा, न कंटाळता सांगायचा, पण नाव एकदाही नाही. उमेदवार कितीही मोठा असो, त्याच्यासाठी अर्धा शब्दही नाही. बाबा पडद्याआड जातात. तिथे तुमचं मास्तरपण चालत नाही.

"आरं, ह्याचं तोंड कुठंय?" आतून आवाज येतो.

"वरच्या बाजूला फट आहे, बाबा. कागद नुसता वर ठेवू नका, आत ढकला!"

देशात असे कित्येक कागद आज पेट्यांच्या डोक्यावरच राहणार आहेत. मोजणीच्या वेळी काही पेट्यांतून मतांबरोबर नाणी, चिठ्ठ्या आणि नटनट्यांचे फोटोही निघतील.

दोन-दोन कागदांचा हा घोळ फार काळ टिकणार नाही. १९६१ च्या कायद्याने द्विसदस्य मतदारसंघ मोडीत निघतील. १९६२ च्या निवडणुकीपर्यंत एकाच मतपत्रिकेवर सगळी नावं आणि चिन्हं येऊन तिच्यावर शिक्का मारायची पद्धत देशभर रुळेल. म्हाताऱ्या बाबांना हे सांगून उपयोग नाही. ते केव्हाच बाहेर पडलेत, शाई लागलेलं बोट दुसऱ्यांना दाखवत.

संध्याकाळी पेट्या बंद होतात, प्रतिनिधी सह्या करतात. तुम्ही वहाणा शोधायला लागता तेवढ्यात केंद्राध्यक्ष चष्मा पुसत विचारतात, "मास्तर, आलेल्या पत्रिका वजा दिलेल्या पत्रिका. उरलेल्यांत एक कमी कशी?"

पुढची सत्तर वर्षं तुम्हाला पाठ असतील, पण त्या एका कागदाचा मेळ बसेपर्यंत कोणी घरी जाणार नाही. बसा, पुन्हा मोजा.