सूक्ष्मतरंग नलिका : वाराणसीतील संशोधन

सूक्ष्मतरंग नलिका ही एकदिश विद्युत पुरवठ्यातील ऊर्जा निर्वातातल्या इलेक्ट्रॉन शलाकेमार्फत सूक्ष्मतरंगांना देणारी प्रयुक्ती आहे. रडार, उपग्रह संदेशवहन आणि संलयन संशोधनात ती वापरतात. तिच्या अभ्यासाचे भारतातील एक महत्त्वाचे केंद्र वाराणसीत आहे.

संस्था : बनारस हिंदू विद्यापीठाची स्थापना १९१६ मध्ये, तर तेथील अभियांत्रिकी महाविद्यालयाची १९१९ मध्ये झाली. १९६८ मध्ये विद्यापीठाची तीन तांत्रिक महाविद्यालये मिळून एक तंत्रविज्ञान संस्था बनली. २०१२ मध्ये तिला आयआयटीचा दर्जा मिळाला. तिच्या इलेक्ट्रॉनिकी अभियांत्रिकी विभागात सूक्ष्मतरंग नलिका संशोधन केंद्र उभे राहिले. येथील प्राध्यापक बी. एन. बसू यांचा शलाका व तरंग यांच्या परस्परक्रियेवरील इंग्रजी ग्रंथ १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला.

रचना व कार्य : तापलेल्या ऋणाग्रातून बाहेर पडणारे इलेक्ट्रॉन धनाग्राच्या उच्च विद्युत दाबामुळे वेग घेतात. दाब चौपट केला, तर शलाकेचा प्रवाह आठपट होऊ शकतो. ऋणाग्राजवळच्या जाळीवरील दाब बदलून शलाका क्षणात चालू किंवा बंद करता येते. रडारचे स्पंद अशा रीतीने मिळवता येतात. एकमेकांना दूर लोटणाऱ्या इलेक्ट्रॉनांना चुंबकीय क्षेत्र एकत्र ठेवते.

प्रगामी तरंग नलिकेत शलाका तारेच्या सर्पिलातून जाते. २,५०० व्होल्ट दाबाने इलेक्ट्रॉनांना प्रकाशवेगाच्या सुमारे एक दशांश वेग येतो. सर्पिलामुळे तरंगाची पुढे सरकण्याची गतीही तितकीच मंदावते. दोघे बरोबरीने चालल्यामुळे शलाकेत इलेक्ट्रॉनांचे पुंजके बनतात आणि त्यांची ऊर्जा तरंगाला मिळून त्याचे विवर्धन होते. ऊर्जा दिल्यानंतर इलेक्ट्रॉन नलिकेच्या टोकाच्या संग्राहकावर येतात. संग्राहकाचा दाब नलिकेच्या मुख्य भागापेक्षा कमी ठेवला, तर शिल्लक ऊर्जेचा काही भाग पुरवठ्याला परत मिळतो आणि उष्णताही कमी होते.

जायरोट्रॉन : या नलिकेत इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्राभोवती गिरक्या घेत पुढे जातात. दर टेस्लामागे गिरक्यांची कंप्रता सुमारे २८ गिगॅहर्ट्झ असते. इलेक्ट्रॉनांचा वेग वाढला की ती थोडी घटते. म्हणून ४२ गिगॅहर्ट्झसाठी दीड टेस्लापेक्षा काहीसे प्रबळ क्षेत्र लागते. टोकामॅक या संलयन यंत्रातील आयनद्रायू (प्लाझ्मा) तापवण्यासाठी ४२ गिगॅहर्ट्झ, २०० किलोवॉट क्षमतेचा जायरोट्रॉन देशात विकसित करण्याचा प्रकल्प हाती घेण्यात आला. त्यात वाराणसीच्या संस्थेसह पिलानीची सीरी, मुंबईची समीर, आयआयटी रुडकी आणि गांधीनगरजवळची प्लाझ्मा संशोधन संस्था सहभागी होत्या.

महत्त्व : कमी शक्तीच्या उपकरणांत अर्धसंवाहकांनी नलिकांची जागा घेतली आहे. मात्र उच्च कंप्रतेवर शेकडो किलोवॉट शक्ती एकाच प्रयुक्तीतून मिळवायची असेल, तर नलिकेला अजून पर्याय नाही. अशा नलिकेचे यश शलाकेच्या काटेकोर नियंत्रणावर अवलंबून असते. त्यामुळे ती घडवण्याआधीचे गणित हे कारखान्यातील कामाइतकेच मोलाचे आहे.