शीतपित्त आणि चिनी सुई

अंगावर पित्त उठलें कीं पालघरजवळच्या सालवडापासून सावंतवाडीपर्यंतच्या कोकणांत पहिला हात जातो तो आमसुलांच्या बरणीकडे. आमसुलें पाण्यांत कुसकरावयाचीं आणि तें पाणी गांधींवर चोळावयाचें, ही घरोघरची रीत होय. लोक या विकारास नुसतें ‘पित्त’ म्हणतात; वैद्यांनीं त्यास ‘शीतपित्त’ म्हटलें. इ. स. ७०० च्या सुमारास माधवकरानें ‘माधवनिदानां’त त्याचें मूळ शोधलें तें मात्र थंड वाऱ्याच्या स्पर्शांत. त्या स्पर्शानें कफ व वात बिघडतात आणि पित्ताशीं मिळून अंगभर पसरतात, असें त्याचें निदान.

नवल असें कीं, चिनी वैद्यांनींही दोष दिला तो वाऱ्यालाच. त्यांनीं या विकारास ‘यिन्झेन’, म्हणजे लपून राहणारें पुरळ, असें नांव दिलें. कारण गांधी क्षणांत उठतात आणि मागमूस न ठेवतां मावळतात. १६१७ सालीं चेन शिगोंग यानें आपल्या शल्यविद्येवरील ग्रंथांत ‘श्याओफेंग सान’, म्हणजे वारा शमविणारें चूर्ण, नोंदविलें. तें आजही दिलें जातें. सुई टोचणारे वैद्य कोपराच्या घडीजवळील ‘चूची’ आणि गुडघ्याच्या वर आंतल्या बाजूस असलेलें ‘श्वेहाय’, म्हणजे रक्तसागर, हीं स्थानें निवडतात. वारा घालवावयाचा तर आधीं रक्त वाहतें करावें, हा त्यामागील विचार.

ही विद्या भारतांत आली त्या कथेची सुरुवात मुंबईच्या बंदरांत झाली. १ सप्टेंबर १९३८ रोजीं सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस व नागपूरचे डॉ. चोळकर यांच्यासह पांच डॉक्टरांचें पथक जपानी आक्रमणाशीं झुंजणाऱ्या चीनकडे निघालें. त्यांनीं तेथें नेली ती पाश्चात्य शस्त्रक्रिया. कोटणीस ९ डिसेंबर १९४२ रोजीं, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षीं, तेथेंच निवर्तले. त्यांचे सहकारी डॉ. विजयकुमार बसू १९५८ सालीं पुन्हां चीनला गेले, सुईची विद्या शिकले आणि कलकत्त्यास तिचा प्रसार करूं लागले. शस्त्र घेऊन गेलेल्या पथकानें अशी सुई परत आणली. महाराष्ट्रांत या उपचारास २०१५ च्या अधिनियमानें कायद्याची चौकट मिळाली.

दरम्यान विज्ञानानें वाऱ्याऐवजीं निराळेंच कारण पुढें मांडलें होतें. १९२७ सालीं लंडनच्या सर थॉमस लुईस यांनीं दाखविलें कीं, त्वचेंतूनच सुटणाऱ्या हिस्टामिनसारख्या पदार्थामुळें सूक्ष्म रक्तवाहिन्या पाझरतात आणि गांधी उठतात. १९३७ सालीं दानिएल बोव्हे व त्यांच्या सहकाऱ्यांनीं हिस्टामिनला अडविणारें पहिलें द्रव्य शोधलें. आजच्या गोळ्या त्याच वंशांतील.

मग सुईचें काय? २०२३ सालीं चीनमधील ३३० रुग्णांवरील चांचणीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. खोट्या सुईपेक्षां खऱ्या सुईनें त्रास अधिक कमी झाला. परंतु तो फरक इतका लहान होता कीं, रुग्णास तो जाणवेलच असें म्हणतां येईना.

पुष्कळदां हा विकार आपोआपच ओसरतो आणि श्रेय त्या दिवशींच्या उपचारास मिळतें. आमसूल, चूर्ण व सुई या तिघांच्याही कीर्तींत काळाचा हा वांटा आहे. परंतु ओठ किंवा जीभ सुजली, श्वास अडखळला वा भोंवळ आली, तर काळ हाच वैरी होतो. अशा वेळीं बरणी, चूर्ण व सुई तिन्ही बाजूस ठेवून रुग्णास तत्काळ रुग्णालयांत न्यावें. तेथील ॲड्रिनॅलिनचें इंजेक्शनच प्राण वाचवितें.