७ जुलै : पाऊलखुणांवरून वेग काढणारे प्राध्यापक

प्राणी धावतात कसे, या एका प्रश्नामागे आयुष्यभर लागलेले प्राणिशास्त्रज्ञ रॉबर्ट मॅकनील अलेक्झांडर यांचा आज जन्मदिन. उत्तर आयर्लंडमधील लिस्बर्न येथे १९३४ मध्ये ते जन्मले आणि १९६९ पासून तीस वर्षे इंग्लंडच्या लीड्स विद्यापीठात प्राध्यापक होते.

डायनासोर किती जोरात धावत असतील? १९७६ मध्ये त्यांनी ‘नेचर’मध्ये त्यावर वाट दाखवली. खडकात उमटलेल्या पावलाच्या लांबीला चाराने गुणले की कमरेची उंची अंदाजे मिळते. तिच्याशी ढांगेच्या लांबीचे गणित मांडले की वेग निघतो. माणूस, घोडा, हत्ती अशा आजच्या प्राण्यांच्या चालीवर हे सूत्र बेतलेले होते. हाती आलेले वेग सेकंदाला १ ते ३.६ मीटर, म्हणजे अपेक्षेपेक्षा बरेच कमी. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या चिखलातून एवढे काढणे ही विलक्षण गोष्ट होती.

माणसाचा पायही त्यांनी सोडला नाही. शस्त्रक्रियेत कापाव्या लागलेल्या पावलांवर यंत्राने दाब देऊन, तळव्याची कमान स्प्रिंगसारखी दबते आणि बरीचशी ऊर्जा परत देते, हे त्यांनी सहकाऱ्यांसह १९८७ मध्ये दाखवले. टाचेमागचा स्नायुबंध तर त्याहून अधिक ऊर्जा साठवतो.

२०१६ मध्ये त्यांचे निधन झाले.