मकतानच्या तलवारीचं नाव

27 एप्रिल 1521 रोजी फिलिपिन्समधल्या मकतान बेटाच्या किनाऱ्यावर दर्यावर्दी मॅगेलन मारला गेला. त्याच्या डाव्या पायावर ज्या शस्त्राचा घाव बसला, त्याला तिथे सर्रास कंपिलान म्हणतात. पण लढाईत हजर असलेल्या अंतोनियो पिगाफेत्ताच्या हकिगतीत हे नाव येतच नाही. तो लिहितो 'तेर्सियादो', शमशेरीसारखा, पण तिच्याहून मोठा.

मग कंपिलान ही मागाहून घातलेली भर म्हणायची का? आक्षेप वजनदार आहे. स्पॅनिश तेर्सियादो नेहमीच्या तलवारीहून एक तृतीयांशाने आखूड. आजची कंपिलान लांबलचक, टोकाकडे रुंदावणारी, मुठीचं बूड जबडा वासल्यासारखं. आणि ती ओळखली जाते मिंदानाओ बेटाच्या मारानाओ-मागिंदानाओ लोकांची म्हणून, सेबू-मकतानची म्हणून नव्हे.

उत्तर पिगाफेत्ताच्याच पुस्तकात आहे. मकतानशेजारच्या सेबू बेटाच्या बोलीतले शब्द त्याने टिपून ठेवले, आणि त्यात 'त्यांचे तेर्सियादो' यापुढे शब्द आहे: कांपिलान. लढाईच्या वर्णनात त्याने आपल्या वाचकांच्या ओळखीचा शब्द वापरला, एवढंच. दोन पानं शेजारी ठेवली की माझ्या मते वाद मिटतो. ती कंपिलान आजच्या घाटाचीच होती, असं मात्र यातून सिद्ध होत नाही.

खरी गंमत त्या यादीच्या उरलेल्या शब्दांत आहे. 'कालिक्स' म्हणजे खंजीर, 'सुंदान' म्हणजे सुरी. आज सुलू बेटांवर कालिस ही रुंद, दुधारी, छाटणारी तलवार. त्याच शब्दाचा मलय भाऊ केरीस (इंग्रजीत क्रिस) मात्र खंजीरच राहिला. सुलूच्या त्याच तलवारीला मलय लोक सुंदांग म्हणतात, आणि सेबूत सुंदांग म्हणजे शेतावरचा कोयता! कोणी म्हणेल, ही परक्यांनी केलेली गल्लत. मला तसं वाटत नाही. नाव पात्याच्या आकाराला नव्हे, कमरेला नेहमी असणाऱ्या हत्याराला चिकटलं. बेट बदललं तसं हत्यार बदललं, नाव टिकलं.

उलटंही घडलं: हत्यारं वेगवेगळी, नाव एकच. तागालोग इताक, इलोकानो बुनेंग, इलोंगो बिनांगोन या सगळ्या कोयत्यांवर अमेरिकी सैनिकांनी 1898 नंतर 'बोलो' हा एकच शिक्का मारला, आणि 1909 मध्ये त्यांच्या लष्कराने त्याच नावाचं स्वतःचं हत्यारही काढलं.

तेव्हा संग्रहालयात नुसतं 'क्रिस' किंवा 'बोलो' लिहिलेली पाटी दिसली, तर आधी बेट कोणतं ते विचारा.